कागदावर छापा, कापडावर शिवा : गोधडीत बारासिंगा नेमका कसा उतरतो?

बिरसा (जि. बालाघाट) : इंटरनेटवर गोधडीसाठी हरणाचा नमुना शोधला तर पन्नास सापडतात. पण त्यात बहुतेक हरणं परदेशी असतात. कुणाच्या मागे बर्फ, कुणाच्या गळ्यात लाल मफलर. कान्हाच्या कुरणात चरणारा बारासिंगा मात्र अशा तयार नमुन्यांत शोधूनही सापडणं अवघड. बिरसा, बैहर भागात शिलाई मशीन असलेल्या बाईला प्राण्यांच्या चित्राची गोधडी, उशीचा अभ्रा किंवा पिशवी शिवायची असेल, तर तिच्यासमोर दोन वाटा आहेत. दुसऱ्याचा नमुना छापून घ्यायचा, किंवा आपला प्राणी आपण आखायचा. दोन्हीची रीत एकच आहे. ती नीट समजली नाही तर कापड, कागद आणि चार दिवसांची मेहनत वाया जाते. समजली तर नमुना विकत घ्यायची गरजही फार उरत नाही.

पद्धत काय आहे?

आपल्याकडची गोधडी सगळ्यांना माहीत आहे. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात, हिंदी-छत्तीसगढी बोलणारे शेजारी कथरी म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालायचे, वर रंगीत तुकडे मांडायचे आणि धावदोऱ्याने सगळं एकत्र शिवून टाकायचं. तुकडा अर्धा इंच इकडे-तिकडे झाला तरी काही बिघडत नाही. उलट त्यातच तिची मजा असते.

प्राण्याचं चित्र तुकड्यांतून उभं करायचं तर मात्र असं चालत नाही. नाक पाव इंच सरकलं की वाघाचं मांजर होतं. म्हणून कागदाचा आधार घेतात. चित्र सरळ रेषांमध्ये तोडून कागदावर छापतात, प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतात आणि कापड त्या कागदावरच शिवत जातात. टीप थेट छापलेल्या रेषेवरून मारायची. त्यामुळे हात नवखा असला तरी टोकं नेमकी जुळतात. शेवटी कागद फाडून टाकायचा. याला पेपर पीसिंग म्हणतात. असा तयार झालेला एक चौकोन म्हणजे एक ब्लॉक. असे ब्लॉक जोडले की गोधडीचा वरचा थर झाला. त्याखाली जुनी साडी आणि अस्तर घालून धावदोरा मारणं पुढे नेहमीसारखंच.

कापडाच्या तुकड्यांना कागदाचा आधार देणं ही कॉम्प्युटरच्या काळातली गोष्ट नाही. इंग्लंडमधल्या क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात रेशमी तुकड्यांचं एक पांघरूण आहे. त्यावर १७१८ हे साल शिवलेलं आहे. त्यातही पशुपक्षी आणि माणसं आहेत, आणि ज्या कागदांवर तुकडे दुमडून हाताने जोडले ते कागद ३०० वर्षांनंतरही आत तसेच आहेत. हाताने जोडायची ती रीत वेगळी होती, मशीनवरची आजची रीत वेगळी आहे. पण कापड हलू नये म्हणून कागदाने धरून ठेवायचं, ही युक्ती तीच.

निम्म्या चुका छापतानाच होतात

नमुना पीडीएफ फाईलमध्ये येतो. तो मोबाईलवरून ऑनलाइन सेंटर किंवा झेरॉक्सच्या दुकानात पाठवला जातो आणि तिथेच पहिली गडबड होते.

परदेशातले, विशेषतः अमेरिकेतले नमुने 'लेटर' आकाराच्या कागदासाठी केलेले असतात. तो कागद सुमारे २१६ × २७९ मिलिमीटरचा. आपल्याकडचा ए-४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा. रुंदीला आपला कागद थोडा कमी पडतो. मग प्रिंटर स्वतःच्या हुशारीने चित्र 'कागदात बसवतो', म्हणजे साधारण ९४ ते ९७ टक्क्यांपर्यंत लहान करतो. बघताना काही कळत नाही. पण ९५ टक्क्यांवर छापलेला ७ इंचांचा ब्लॉक ६.६५ इंचांचाच भरतो. असे पाच ब्लॉक एका ओळीत जोडले की ओळ पावणेदोन इंचांनी आखूड होते. त्यातले निम्मे ब्लॉक एका दुकानात आणि निम्मे दुसऱ्या दुकानात छापलेले असतील, तर ते एकमेकांना जुळणारच नाहीत.

उपाय सोपा आहे. प्रिंट देताना 'फिट' हा पर्याय काढायचा आणि 'ॲक्च्युअल साइज' किंवा '१०० टक्के' निवडायचं. बहुतेक चांगल्या नमुन्यांवर एक इंचाचा छोटा चौकोन मुद्दाम छापलेला असतो. आधी फक्त तेच एक पान काढून तो चौकोन पट्टीने मोजायचा. बरोबर एक इंच भरला तरच बाकीची पानं काढायची. चौकोन नसेल तर नमुन्याची कुठलीही माहीत असलेली बाजू मोजायची. दुकानदार घाईत असतो, मागे रांग असते, पण हे अर्धं मिनिट सोडायचं नाही.

आणखी चार गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत :

- फाईल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवायची नाही, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायची. स्क्रीनशॉटमध्ये मूळ माप शिल्लक राहत नाही.
- दहा प्रती हव्या असतील तर पीडीएफवरूनच दहा प्रिंट काढायच्या. एका प्रिंटची झेरॉक्स आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढत गेलं की मापात फरक येऊ शकतो.
- प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही. म्हणून तयार ८ इंचांचा ब्लॉक, ज्याला चारही बाजूंची जागा धरून साडेआठ इंच लागतात, तो ए-४ वर एका पानात बसतच नाही. ७ इंचांचा बसतो. मोठा हवा असेल तर ए-३ कागद घ्यायचा, नाहीतर ब्लॉक दोन पानांत विभागायचा.
- नमुना झेरॉक्सवर ५० टक्के लहान केला तर शिलाईसाठी सोडलेली जागाही निम्मी होते. पाव इंचाचा अष्टमांश इंच झाला की शिवण उसवायला वेळ लागत नाही. लहान ब्लॉक हवा असेल तर बाहेरची पाव इंचाची रेषा हाताने नव्याने आखून घ्यायची.

कागद जितका पातळ तितका बरा. दुकानातला नेहमीचा ७०-७५ जीएसएमचा कागद चालतो, फक्त फाडताना थोडी मेहनत पडते. चकचकीत आणि जाड कागद अजिबात नको. छपाई ओल्या शाईची असेल तर इस्त्री करताना वाफ किंवा पाणी वापरायचं नाही, शाई कापडाला लागते. लेझर प्रिंटची काळी पूड गरम इस्त्रीला चिकटू शकते, म्हणून इस्त्री शक्यतो कापडाच्या बाजूनेच फिरवायची.

शिवायचं कसं?

ही पद्धत पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते, कारण कापड कागदाच्या मागे असतं आणि टीप पुढून मारायची असते. एक ब्लॉक हाताने करून पाहिला की डोक्यात बसतं.

१. नमुन्याचे क, ख, ग असे भाग असतील तर ते सुटे कापायचे. प्रत्येक भागाभोवती पाव इंचाची माया, म्हणजे शिलाईसाठीची जागा, ठेवायची.

२. १ क्रमांकाचं कापड कागदाच्या कोऱ्या बाजूला ठेवायचं. कापडाची सुलट बाजू आपल्याकडे, उलटी बाजू कागदाला. कागद उजेडात धरून पाहायचं. १ क्रमांकाची जागा झाकून चारही बाजूंनी किमान पाव इंच कापड उरलं पाहिजे. टाचणीने अडकवायचं.

३. २ क्रमांकाचा तुकडा पहिल्यावर सुलट बाजूला सुलट बाजू लावून ठेवायचा. त्याची कड १ आणि २ मधल्या रेषेच्या पाव इंच पुढे आली पाहिजे.

४. आता कागद पालथा करून छापील बाजू वर आणायची आणि १ व २ मधल्या रेषेवर टीप मारायची. रेषेच्या दोन टाके आधी सुरू करायची, दोन टाके पुढे थांबायची.

५. कागद त्या रेषेवर दुमडायचा आणि जास्तीचं कापड पाव इंच ठेवून कापायचं. कापण्याआधी कुठली बाजू कापतोय ते एकदा नीट पाहायचं. चूक होते ती इथेच.

६. दुसरा तुकडा उघडून नखाने किंवा कोरड्या इस्त्रीने दाबायचा. मग ३, ४, ५ असं क्रमाने पुढे जायचं.

७. सगळे तुकडे झाले की बाहेरच्या रेषेवर कापून भाग चौरस करायचा. सगळे भाग एकमेकांना जोडले, शेजारचे ब्लॉक जोडले, की मगच कागद फाडायचा.

कागद आधीच काढला तर तिरप्या कापलेल्या कडा ताणतात आणि ब्लॉक वाकडा होतो. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या साडीचं कापड तर हमखास सरकतं. गोधडी शिवणाऱ्यांसाठी या पद्धतीचा खरा फायदा इथे आहे. कागद खाली असतो तोवर मऊ सुती कापडही जागचं हलत नाही. त्यामुळे दुकानातून नवं कापड आणलंच पाहिजे असं काही नाही.

काळ्या पायमशीनवरही हे काम उत्तम होतं, कारण सरळ टीप सोडून यात दुसरं काही लागत नाही. फक्त टाक्याची पट्टी वर करून टाका बारीक करायचा, इंचात साधारण १६ ते १८. टाका बारीक असला की कागदाला ओळीने भोकं पडतात आणि तो डाकतिकिटासारखा सुटतो. सुई १४ नंबरची चालते. कागदाने सुई बोथट होते, म्हणून या कामाची सुई वेगळी ठेवायची आणि ब्लाउज शिवताना ती वापरायची नाही.

एक गोष्ट बऱ्याच जणींना उशिरा कळते. कापड कागदाच्या मागच्या बाजूला असल्यामुळे तयार चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं. कागदावर उजवीकडे पाहणारा वाघ गोधडीत डावीकडे पाहतो. प्राण्याच्या बाबतीत हे खपून जातं. पण नाव किंवा अक्षर असेल तर आधी उलटवूनच छापावं लागतं.

सॉफ्टवेअर काय करतं?

या कामासाठीचं सगळ्यात माहितीतलं सॉफ्टवेअर म्हणजे अमेरिकेतल्या कंपनीचं 'इलेक्ट्रिक क्विल्ट'. त्याची 'ईक्यू ८' ही आवृत्ती २०१७ मध्ये आली. त्यात ब्लॉक आखता येतो, तुकड्यांना क्रमांक देता येतात आणि पाव इंचाची माया धरून नमुना छापता येतो. सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे ब्लॉक ७ इंचांवरून ५ इंचांवर आणला तरी माया पाव इंचच राहते. झेरॉक्स मशीनला हे जमत नाही. शिवाय रंग बदलून पूर्ण गोधडी कशी दिसेल ते कापड कापण्याआधीच पाहता येतं. मात्र ते पैसे देऊन घ्यावं लागतं आणि किंमत डॉलरमध्ये असते. दोन-चार गोधड्यांसाठी ते परवडणारं नाही.

'इंकस्केप' हे रेखाटनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. ते गोधडीसाठी बनवलेलं नाही, म्हणून क्रमांक आणि माया आपल्यालाच घालावी लागते. पण काम होतं. पान ए-४ करायचं, त्यावर ७ इंचांचा चौकोन काढायचा, प्राण्याचा स्वतः काढलेला फोटो खाली ठेवून तो थर लॉक करायचा आणि वरच्या थरावर सरळ रेषा ओढायच्या. शेवटी फोटो काढून टाकायचा, बाहेर पाव इंचाची चौकट आणि कोपऱ्यात एक इंचाचा चौकोन काढायचा आणि पीडीएफ करून ठेवायची. कॉम्प्युटर घरी नसेल तर कॉलेजात जाणारा मुलगा-मुलगी हे एका दुपारी शिकून घेऊ शकतात.

आणि कॉम्प्युटर नसलाच तर? आलेखाची वही, पट्टी आणि पेन्सिल यांनीही नमुना आखता येतो. सॉफ्टवेअर रेषा नीटनेटक्या करतं, माप सांभाळतं. कुठली रेषा आधी आणि कुठली नंतर, हे शिवणारीने स्वतः ठरवलेलं कधीही चांगलं.

बारासिंगा सरळ रेषांत कसा बसवायचा?

पेपर पीसिंगचा मुख्य नियम एकच : प्रत्येक टीप सरळ असली पाहिजे आणि तिने आधी शिवलेल्या तुकड्यांची पूर्ण कड झाकली पाहिजे. मध्येच सुरू होऊन मध्येच थांबणारी रेषा चालत नाही. अशी रेषा आली की तिथे नवा भाग करायचा आणि नंतर जोडायचा.

बारासिंग्याचं पूर्ण शरीर आखण्यापेक्षा समोरून दिसणारं डोकं आणि शिंगं घेणं सोपं. डोक्याचा एक भाग : मधली नाकाची उभी पट्टी १, दोन्ही गाल २ आणि ३, मग दोन्हीकडची पार्श्वभूमी. कान वेगळे त्रिकोण म्हणून वरच्या कोपऱ्यांत. रंग पिवळट तपकिरी. नाकाला गडद तुकडा.

खरी परीक्षा शिंगांची. चितळ आणि सांबराच्या प्रत्येक शिंगाला साधारण तीन टोकं असतात. बारासिंग्याच्या दोन्ही शिंगांची मिळून बहुधा १० ते १४. म्हणूनच त्याला हे नाव पडलं. कपाळाजवळ एक फाटा असतो आणि बाकीचे बहुतेक वरच्या टोकाकडे. एका बाजूला तीनच टोकं दाखवली तर जंगल पाहिलेला माणूस म्हणणार, हे तर चितळ झालं.

एका शिंगाचा भाग असा आखता येतो. आधी आडवे, जरा तिरपे पट्टे एकावर एक : १ आकाश, २ फाटा, ३ आकाश, ४ फाटा, ५ आकाश, ६ फाटा, ७ आकाश. फाट्याच्या दोन्ही रेषा ब्लॉकच्या बाहेरच्या कडेकडे जवळ आणत नेल्या की फाटा टोकदार होतो. मग या सगळ्या पट्ट्यांच्या आतल्या कडेवरून जाणारी एकच लांब पट्टी, ८, म्हणजे मुख्य शिंग. तिच्या आतल्या बाजूला ९, पुन्हा आकाश. झालं एक शिंग. दुसऱ्या बाजूसाठी हाच भाग उलटवून छापायचा.

मुख्य शिंगाची पट्टी तयार झाल्यावर किमान तीन अष्टमांश इंच रुंद दिसावी. त्याहून बारीक पट्टीत दोन्ही बाजूंची माया एकमेकींवर चढते आणि जागा दगडासारखी कडक होते. म्हणून कपाळाजवळचा फाटा आणि उरलेली टोकं कापडातून काढायचा हट्ट न धरता दोऱ्याने भरायची. डोळेही दोऱ्यानेच. गोधडीचा धावदोरा ज्यांच्या हातात आहे त्यांना हे सांगायला नको.

एवढा खटाटोप बारासिंग्यासाठी का? तो मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी आहे. कठीण जमिनीवर राहणारी त्याची जात कान्हात १९७० च्या सुमारास अवघ्या ६६ वर आली होती आणि संरक्षणामुळे ती पुन्हा शेकड्यांनी वाढली. कान्हा पाहून परतणाऱ्या पर्यटकाला बर्फातलं हरीण विकण्यापेक्षा, त्याने सकाळी कुरणात पाहिलेला प्राणी विकणं केव्हाही सोपं.

सीमेपलीकडच्यांसाठी

मराठी माणूस जिथे राहतो त्या राज्याचा प्राणी निवडला तर ओळख आपोआप पटते. प्रत्येकाची अडचण मात्र वेगळी.

गोव्याचा गवा आणि छत्तीसगडची रानम्हैस नवशिक्यांसाठी सर्वांत सोपे. अंग मोठं, रंग एकसारखा, शिंगं जाड. गव्याला फक्त गुडघ्याखाली पांढरे पाय द्यायला विसरायचं नाही. कर्नाटकाचा हत्ती तसाच सोपा, फक्त सोंडेचा बाक तीन-चार सरळ तुकड्यांत तोडावा लागतो. तेलंगणाच्या चितळाचे ठिपके शिवत बसायचे नाहीत, पांढऱ्या बुंदक्यांचं तपकिरी कापड शोधायचं. गुजरातच्या सिंहाची आयाळ त्रिकोणी तुकड्यांची, दिसायला अवघड पण शिवायला सरळ. महाराष्ट्राचं शेकरू सगळ्यांत कठीण, कारण त्याची झुबकेदार शेपटी. ती लांब पाचरीच्या तुकड्यांतून उघडत नेली तरच जमते.

नमुना कुणाचा? विकण्याआधी हे पाहा

घरच्या नातवासाठी शिवायचं असेल तर फारसा प्रश्न येत नाही. बचत गटाला माल विकायचा असेल तर येतो.

नमुन्याचं रेखाटन ही ते काढणाऱ्याची निर्मिती असते आणि भारतातही १९५७ चा कॉपीराइट कायदा अशा चित्रांना लागू आहे. विकत घेतलेल्या नमुन्यावर बहुतेक वेळा अटी लिहिलेल्या असतात : फक्त वैयक्तिक वापर, किंवा ठराविक प्रमाणात विक्रीची मुभा. गटातल्या एकीने एक प्रत घेऊन बाराजणींना झेरॉक्स वाटणं सहसा त्या अटींत बसत नाही. 'फुकट' लिहिलेला नमुना म्हणजे विक्रीलाही मोकळा, असंही नाही. अट स्पष्ट नसेल तर नमुना करणाऱ्याला लेखी विचारायचं आणि उत्तर जपून ठेवायचं.

स्थानिक चित्रांनाही हेच लागू. कान्हाने २०१७ मध्ये 'भूरसिंग' नावाचा बारासिंगा आपलं अधिकृत शुभंकर म्हणून आणला. ते गमतीदार चित्र आवडलं म्हणून उचलून पिशवीवर घालता येत नाही. शेजारच्या दिंडोरीतल्या गोंड चित्रकारांच्या चित्रांतले प्राणीही त्या त्या कलाकाराचे आहेत. बारासिंगा हा प्राणी मात्र कुणाच्या मालकीचा नाही. स्वतः पाहून, स्वतःच्या रेषांत आखलेला बारासिंगा आखणारीचाच. तो कितीही वेळा छापा, कितीही विका, कुणाला विचारावं लागत नाही. हातात पट्टी-पेन्सिल घेण्याचं यापेक्षा मोठं कारण दुसरं नाही.

कापड आणि पहिलं काम

सुती कापड सुती कापडालाच जोडायचं. सिंथेटिक साडीचा तुकडा मध्ये आला तर गरम इस्त्रीखाली आक्रसतो. नवं कापड आधी धुऊन घ्यायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात लाल रंग पांढऱ्यात उतरतो. बालाघाट जिल्ह्यातल्याच वारासिवनीच्या हातमागाच्या सुती कापडाचे उरलेले तुकडे मिळाले तर पार्श्वभूमीला चांगले दिसतात. त्या साड्यांना आणि कापडाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे, त्यामुळे विकताना सांगायला एक गोष्ट हाताशी राहते.

पहिल्याच वेळी पूर्ण गोधडी हाती घ्यायची नाही. ६० × ९० इंचांच्या गोधडीला ७ इंचांचे जवळजवळ १०० ब्लॉक लागतात. प्रत्येकात प्राणी करायचा तर वर्ष जाईल. उशीचा १६ इंची अभ्रा घ्यायचा : ७ इंचांचे चार ब्लॉक जोडले की १४ इंच, चारही बाजूंनी एक इंचाची पट्टी, झाले १६. चारपैकी दोन ब्लॉक प्राण्यांचे आणि दोन साधे ठेवले तरी शोभतं. त्यानंतर बाळाची ३५ × ४२ इंचांची गोधडी : पाच गुणिले सहा, म्हणजे ३० ब्लॉक. एक प्राण्याचा, एक साधा असे आलटून पालटून लावले की प्राण्यांचे १५ च पुरतात.

पहिला ब्लॉक चांगल्या कापडाचा करायचा नाही. घरातल्या चिंध्या घ्यायच्या, एकच प्रिंट काढायची आणि शेवटपर्यंत शिवून पट्टीने मोजायचं. कागद फाडण्याआधी, चारही बाजूंची माया धरून, तो साडेसात इंच भरला की मग उरलेल्या प्रिंट काढायला दुकानात जायचं.